हुशार पक्ष्यांसाठी एक सुधारणा

बदक तपासण्याची एक रीत असते आणि ती पाळताना बाई कधी घाई करीत नसत. पक्षी डाव्या बगलेत घ्यायचा, मान दोन बोटांच्या बेचक्यात अलगद धरायची, मग त्याला उताणे करून छातीवर फुंकर घालायची. पिसे दुभंगतात, खालची कातडी उघडी पडते, आणि कातडीखालच्या चरबीवरून त्या जिवाने वाटेत काय खाल्ले, काय सोसले आणि पुढचा पल्ला त्याला झेपेल की नाही, हे कळते. फुंकर जोराची झाली तर पक्षी बिथरतो. फार हलकी झाली तर पिसे हलत नाहीत. हे प्रमाण नेमके साधणे ही बाईंच्या आयुष्यातल्या मोजक्या खात्रीच्या गोष्टींपैकी एक होती. त्या मोजक्या गोष्टींत संसार येत नव्हता, आणि ज्या खात्याची त्या नोकरी करीत ते खाते तर मुळीच येत नव्हते.

"घाबरू नकोस," त्या हातातल्या थापट्याला म्हणाल्या. थापट्या म्हणजे पळीसारख्या रुंद चोचीचे बदक. "तपासून सोडते."

"त्याला कुठं कळतंय, बाई," मुकादम म्हणाले.

"कळतं सगळं. विश्वास बसत नाही, एवढंच."

मुकादम हे तळ्याकाठच्या त्या केंद्राचे एकमेव कायमचे रहिवासी. जाळ्या विणणे, सापळ्यात धान्य टाकणे, पाण्याचा पंप चालवणे, दोन्ही वेळचे रांधणे, सगळे त्यांच्याकडे. गोल, तुकतुकीत चेहरा. जगात कशाचीही घाई नसल्यासारखी चाल. खात्यात इतकी वर्षे काढूनही रक्तदाब नसलेला माणूस बाई प्रथमच पाहत होत्या.

सापळ्याची रचना मात्र बाईंचीच होती, आणि त्या एका बाबतीत त्या विनय पाळीत नसत. उथळ पाण्यात तारेच्या जाळीचा प्रशस्त पिंजरा, डोक्यावरही जाळी, आणि आत शिरायला नरसाळ्यासारखे तोंड, बाहेरून ऐसपैस, आतून चिंचोळे. आत धान्य, आणि धान्याशेजारी मावशी. मावशी ही एक म्हातारी बदकीण. कधीकाळी रानातलीच. धान्याच्या लोभाने सोडल्या सोडल्या ती इतक्यांदा परत आली की शेवटी तिने जाणेच सोडले. ती इतक्या निवांतपणे आत शिरते की मागून येणाऱ्या रानटी पक्ष्यांना संशय येत नाही. आत आलेला पक्षी मग मोकळ्या पाण्याकडे तोंड करतो आणि जाळीला चोच लावून पुढे रेटत राहतो. ज्या फटीतून तो आला ती त्याच्या पाठीशी उघडीच असते, पण मागे वळून पाहायचे त्याच्या डोक्यात येत नाही. हजारांत एखाद्याच्या येते.

त्या एखाद्यासाठी बाईंनी सुधारणा केली होती. प्रवेशाच्या फटीला लागूनच त्यांनी दुसरी फट ठेवली, तशीच चिंचोळी, थोडी अधिक काळोखी. आतून पाहणाऱ्याला तीच आधी दिसावी, अशा बेताने जाळी वळवली. ती फट लाकडी पकडपेटीत उघडते. पक्षी आत शिरला की वरून फळी पडते. मावशी सवयीने सर्वांच्या आधी पेटीत जाते म्हणून तिच्यापुरती पलीकडून एक झडप ठेवली होती. ती तिथून सुखरूप बाहेर पडे. मठ्ठ पक्ष्यांना हाकून पेटीत घालावे लागते, हुशार पक्षी आपण होऊन येतात. खात्याच्या संचालकांना ही कल्पना इतकी आवडली की स्वतःचे नाव आधी घालून त्यांनी ती परदेशातल्या परिषदेत वाचून दाखवली. बाईंचे नाव दुसरे होते. टाळ्या पहिल्या नावाला पडतात, हे बाईंना खात्यात आयुष्य घालवूनही त्या दिवशी नव्याने कळले होते.

बाईंना इथे धाडले होते ते आठवड्यासाठी. वरच्या अंगाच्या पाणथळींत बदके माना वाकड्या करून मरत होती, आणि तो रोग या तळ्यावर पोचला की नाही, हे खात्याला हवे होते. बदकांची काळजी म्हणून नव्हे. रोग निघाला तर तळ्यावरचा प्रत्येक पक्षी मारून टाकायचा हुकूम आधीच टंकून तयार होता आणि फक्त तारीख घालायची राहिली होती. शिवाय नमुन्यांचे निकाल येईपर्यंत केंद्रातून कुणी बाहेर जायचे नाही, बाहेरून कुणी आत यायचे नाही, असा दुसरा हुकूम निघाला. बांधावरच्या रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला लाकडी अडसर टाकला गेला.

एरवी बाईंना एकांताचे वावडे नव्हते. पण शुक्रवार जवळ आला होता. लेकीचा बाप शुक्रवारी संध्याकाळच्या विमानाने कायमचा परदेशी निघत होता, आणि विभक्त होताना दोघांनी सह्या केलेल्या कराराप्रमाणे त्या दिवशी आई लेकीला न्यायला आली तर लेक आईची, नाही आली तर ती बापाबरोबर जाणार होती. सही करताना बाईंना ही अट हास्यास्पद वाटली होती. न यायला काय झाले? तोवर लेक बाईंच्या धाकट्या बहिणीकडे होती, तळ्यापलीकडच्या शहरात. त्या शहराची पाण्याची टाकी आणि तिच्या डोक्यावरचा लाल दिवा केंद्राच्या खिडकीतून रोज दिसायचा.

"आई, तू येणार ना?" फोनवर लेक म्हणाली. "बाबा म्हणतात, तुझी बदकं तुला सोडणार नाहीत."

"बाबांना सांग, बदकं त्यांच्यापेक्षा शहाणी आहेत."

"मी नाही सांगणार. तूच येऊन सांग."

पहिली विचित्र गोष्ट बाईंच्या ध्यानात आली ती त्याच थापट्याच्या बाबतीत. त्याच्या चोचीच्या मुळाशी कातडी सोलवटली होती. ही जखम ओळखीची होती. पिंजऱ्यात फार वेळ राहिलेले पक्षी जाळीला तोंड घासून घासून ती करून घेतात. पण हा पक्षी तर नुकताच आत आला होता. बाईंनी त्याला मावशीमागून शिरताना स्वतः पाहिले होते. पुढच्या तलवार बदकालाही तीच जखम. त्याच्या पुढच्यालाही. चरबी उत्तम, डोळे स्वच्छ, श्वास साफ. रोगाचे नाव नाही. फक्त प्रत्येकाचे तोंड कशावर तरी रेटून सोललेले.

"आणखी कुठं जाळी लावलीय का तळ्यावर?" बाईंनी विचारले.

"आपलीच तेवढी," मुकादम म्हणाले. मग मावशीला दाणे टाकत म्हणाले, "हिचं बरंय बघा. भाडं नाही, घरपट्टी नाही, नवरा नाही."

"माझंही तसंच आहे, मुकादम. घरपट्टी सोडली तर."

ते मनापासून हसले.

संध्याकाळी बाई दुर्बीण घेऊन गच्चीवर गेल्या. तळ्यावर कोण कुठे बसले आहे याचा आराखडा त्या रोज काढीत. पक्ष्यांनी कुठे बसावे हे पाणी, अन्न आणि भीती या तिघांनी मिळून ठरवलेले असते, आणि आराखडा पाहून तिघांपैकी कोण वरचढ आहे ते ओळखता येते. उथळ काठाला थापटे, मधल्या पाण्यात तलवार बदके, पाणवनस्पतींच्या कडेने काळे चांदवे. त्या संध्याकाळी यातले काहीच जागेवर नव्हते. सगळ्या जाती एकमेकींत मिसळून गेल्या होत्या आणि तळ्याच्या एका अंगाला दाट होऊन थांबल्या होत्या. थांबल्या होत्या त्या एका रेषेत. रेषेच्या अलीकडे पक्ष्याला पक्षी चिकटलेला; पलीकडे तेच पाणी, तेच ऊन, आणि एकही पक्षी नाही. निसर्गाला इतकी सरळ रेघ मारता येत नाही. ते काम खात्यातले अभियंते करतात.

बाईंनी दुर्बीण नीट बसवली. पक्षी स्थिर नव्हते. छाती रेषेला लावून ते तिच्या कडेकडेने पोहत होते, थोडे पुढे जाऊन वळत होते, परत येत होते. मग पुन्हा वळत होते. ही हालचाल बाई हजारदा जवळून पाहत आल्या होत्या. फक्त ती पाहताना मध्ये नेहमी जाळी असे.

"उडून का जात नाहीत?" त्यांनी जिन्यावर आलेल्या मुकादमांना विचारले.

"आपल्या सापळ्याला वरूनही जाळी असते ना?" मुकादम म्हणाले. "चहा निवतोय, बाई."

दुसऱ्या संध्याकाळी ती रेषा केंद्राकडे सरकलेली होती. तळ्याच्या दुसऱ्या अंगालाही आता तशीच एक दिसत होती. दूरवर दोघींमध्ये पुष्कळ पाणी होते, जवळ येताना ते कमी होत गेले होते. दोन्ही रेषा वाढवल्या तर कुठे मिळतील हे पाहायला बाईंनी पट्टी घेतली नाही. ज्या गच्चीवर त्या उभ्या होत्या तिथून पाहिले की पुरे होते.

गुरुवारी सकाळी निकाल आले. सगळे नमुने साफ. फोनवर संचालकांच्या मागे पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता.

"अभिनंदन," ते म्हणाले. त्यांचा आवाज थोडा हिरमुसलेला वाटला. टंकलेला हुकूम वाया जाणार होता. "आता निघा तुम्ही. गाडीचं मात्र आज जमणार नाही."

"मी चालत जाते."

"पाहा बुवा. तुमची मर्जी."

तेव्हा आता बाईंना अडवणारे कुणी नव्हते. हे वाक्य त्यांनी स्वतःशी मोठ्याने म्हणून पाहिले. पिशवी खांद्याला लावली, मुकादमांचा निरोप घेतला आणि त्या बांधावर आल्या. बांधाच्या दोन्ही अंगांना पाणी, पायाखाली ओली माती, समोर पाण्याची टाकी. टोकाचा अडसर दिसत होता. वारा नव्हता. लेकीला पाहताच पहिले वाक्य काय बोलायचे, याचा विचार करीत त्या चालत राहिल्या.

वाक्य जुळले तेव्हा त्यांच्या लक्षात आले की टाकी डाव्या हाताला आहे.

त्या थांबल्या. टाकी समोर असायला हवी होती. त्यांनी तोंड तिच्याकडे केले, पावले मोजूनमापून टाकली, आणि थोड्याच वेळात टाकी उजव्या हाताला आली. आपण वळलो हे त्यांना आठवत नव्हते. कुणी ढकलले नव्हते, काही आडवे आले नव्हते. समोर हात केला तर हाताला हवाच लागत होती. विद्वान माणसाची अशा वेळी एक सोय असते. तो शंका स्वतःवर घेतो. थकवा, झोप कमी, उपाशी पोट. बाईंनी ही सगळी कारणे एकामागून एक तपासली आणि खाली पाहिले.

माती तुडवली गेली होती. बांधाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक आडवी पट्टी, चिखल होईस्तोवर मळलेली. पट्टीच्या पलीकडे माती कोवळी, एकही ठसा नसलेली. अलीकडे ठशांवर ठसे. सगळे एकाच बुटांचे. टाच उजवीकडे झिजलेली.

बाईंनी आपला उजवा पाय उचलून पाहिला नाही. ती टाच कशी झिजली आहे, हे त्यांना ठाऊक होते.

उन्हे कलली होती. निघाल्या तेव्हा सकाळ होती.

केंद्रात येऊन त्यांनी बहिणीला फोन लावला. बहीण तत्पर. तिने एका टॅक्सीवाल्याला सांगितले, आणि पुढच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, सकाळी बाई पुन्हा बांधावर गेल्या. परत आल्या तेव्हा फोन वाजतच होता.

"ताई, हे काय चाललंय तुझं?" बहिणीचा आवाज चिरका झाला होता. "तो माणूस अडसरापाशी तासभर उभा होता."

"मग पुढे का नाही आला? निकाल आलेत. कुणी अडवलं नसतं."

"तो म्हणाला, बाई समोर होत्या. हात करत होत्या. पण पुढे येईनात. नुसत्या इकडून तिकडे, तिकडून इकडे चालत होत्या, तोंड माझ्याकडे करून. तो भ्याला, ताई. पैसेही न घेता गेला. पोरगी बॅग भरून दारात बसलीय. तिचे बाबा दुपारी न्यायला येतायत तिला. तू पाण्यातून ये, उडत ये, कशीही ये."

"येते," बाई म्हणाल्या.

मोरीत तोंड धुताना त्यांना आरशात कपाळावरची जखम दिसली. केसांच्या खाली, मधोमध, रुपयाएवढी सोलवटलेली जागा. पाणी लागताच ती चुरचुरली. जखम ताजी होती, पण आजची एकटीच नव्हती; तिच्या खाली आधीची खपली होती.

बाई मोरीच्या कट्ट्यावर बसल्या आणि प्रथमच, भीती बाजूला ठेवून, रागाने विचार करू लागल्या. राग ही त्यांची सर्वांत स्वच्छ अवस्था. टाकी दिसते म्हणून आपण टाकीकडे जातो. उजेड दिसतो म्हणून उजेडाकडे तोंड रेटतो. वर्षानुवर्षे ज्या मूर्खपणाचे आपण आलेख काढले, तोच आपण दोन दिवस करत आहोत. वाट समोर नसतेच. वाट पाठीमागे असते, चिंचोळी, अंधारी, जिथून आत आलो तिथे.

आपण आत कुठून आलो?

पुढचा दरवाजा त्या आल्या त्या दिवशी ओलीने फुगून घट्ट बसला होता. मुकादमांनी त्यांना मागून आणले होते, जाळ्यांच्या खोलीतून, एका बुटक्या दारातून, वाकून. ते दार बाईंनी नंतर पाहिलेसुद्धा नव्हते. त्यांना हसू आले. हजारांत एखादा.

मुकादम ओट्यापाशी तांदूळ निवडत होते.

"मुकादम, मागचं दार उघडता येईल?"

त्यांनी मान वर केली. आश्चर्य वाटल्याचे दिसले नाही.

"मागचं?" ते म्हणाले. "आधीचे साहेबही असेच शहाणे होते. त्यांनीही शेवटी मागचंच दार विचारलं."

"मग?"

"मग काय, गेले." तांदळाचे ताट त्यांनी बाजूला ठेवले. "मीपण पहिल्यांदा आलो तेव्हा बांधावरून जायचो. रोज. मग सोडून दिलं."

"काय सोडून दिलंत?"

"जाणं," मुकादम म्हणाले आणि पंच्याला हात पुसले. "चला, मी पुढं होतो. तिथं अंधार असतो."

जाळ्यांच्या खोलीत भरदुपारी दिवेलागणीसारखे वाटत होते. छतापासून जाळ्या लोंबत होत्या. दोन्ही बाजूंनी लाकडी फळ्या रचलेल्या, आणि त्यांच्यामधली वाट पुढे पुढे अरुंद होत गेलेली. बाईंचे खांदे घासू लागले. मुकादम मात्र आपल्या त्याच चालीने चालले होते, ओठांवर कसलीशी गुणगुण, जणू रोजचाच रस्ता. तो गोल, निवांत पाठमोरा देह पुढे आहे, याचा बाईंना आधार वाटला. ज्या जागी धोका असेल तिथे कुणी असे चालत नाही.

टोकाला बुटके दार होते. शेजारी, फळ्यांच्या आडोशाला, दुसऱ्या कशाची तरी चौकट असल्यासारखे वाटले. पण मुकादम या दारातून वाकून आत गेले, म्हणून बाईही वाकल्या.

आत ओल्या धान्याचा वास होता.

हात पुढे केला तर लाकूड लागले. डावीकडे लाकूड. उजवीकडे लाकूड. "मुकादम?" त्या म्हणाल्या. पुढे कुणी नव्हते. कुठेतरी गुडघ्याएवढ्या उंचीवर एक झडप हलून थांबल्याचा आवाज तेवढा आला.

मग पाठीमागे दार लागले. ते दारासारखे लागले नाही. वरून खाली आले.

बाईंना आपली सुधारणा आठवली. तिच्यातला शब्द न् शब्द आठवला, आणि कुणाचे नाव आधी होते तेही.

दूर, पुढच्या खोलीत फोन वाजू लागला. बराच वेळ वाजला. बाईंनी दोन्ही तळवे लाकडाला लावून रेटले, मग कपाळ लावून रेटले. फोन थांबला. पुन्हा वाजला, एकदाच, अर्धवट.

"घाबरू नका, बाई," भिंतीपलीकडून मुकादमांचा आवाज आला, समजूत घातल्यासारखा. "तपासून सोडतात."

"कोण?"

पावले लांब गेली. बाहेर मावशी एकदाच ओरडली, दाणे पाहिल्यावर ओरडायची तशी.

बराच वेळ काही झाले नाही.

मग मानेवर, केसांच्या मुळाशी, एक फुंकर आली. जोराची नव्हती. फार हलकीही नव्हती.